अंगण देणाऱ्याचा वाटा

उत्तर इटलीच्या डोलोमाइट पर्वतरांगेत कावालेझे नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळ्यात बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळासाठी युरोपातील निरनिराळ्या देशांची माणसे तेथे येतात. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी दुपारी तीनच्या सुमारास चेर्मिस डोंगरावरून रज्जुमार्गाचा एक पाळणा दरीकडे उतरत होता. त्यात २० माणसे होती. त्याच वेळी अमेरिकेच्या मरीन दलाचे एक लष्करी विमान सरावासाठी त्या दरीत शिरले. ठरवून दिलेल्या उंचीच्या पुष्कळ खालून ते वेगाने गेले, तारेला धडकले आणि पाळण्याची तार तुटली. पाळणा दरीत कोसळला. आतली वीसच्या वीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत जर्मन होते, बेल्जियन होते, पोलिश होते, इटालियनही होते. विमानाला इजा झाली, तरी ते सुखरूप आपल्या तळावर परतले. तो तळ होता आव्यानोचा.

वैमानिकावर इटलीत खटला चालू शकला नाही. नाटो राष्ट्रांनी १९५१ मध्ये लंडन येथे एक करार केला आहे. परक्या देशात तैनात असलेल्या सैनिकाच्या हातून कर्तव्यावर असताना गुन्हा घडला, तर त्याचा न्याय करण्याचा पहिला हक्क त्या करारानुसार त्याच्या स्वतःच्या देशाला असतो. अमेरिकेतील लष्करी न्यायालयाने १९९९ मध्ये वैमानिकाला मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले. उड्डाणाची चित्रफीत नष्ट केल्याच्या प्रकरणात मात्र तो आणि त्याचा एक सहकारी पुढे सेवेतून काढले गेले.

याच करारात नुकसानभरपाईविषयी एक कलम आहे. पाहुण्या सैन्याच्या हातून कर्तव्य बजावताना यजमान देशातील तिऱ्हाइताचे नुकसान झाले आणि दोष एकट्या पाहुण्याचाच असला, तरी भरपाईचे शंभरातले ७५ भाग पाहुण्या राष्ट्राने द्यावेत आणि २५ भाग यजमान राष्ट्राने सोसावेत, असे ते कलम सांगते. करार लिहिणारे धर्मपंडित नव्हते. ते व्यवहारी मुत्सद्दी होते. तरीही एका अवघड नैतिक प्रश्नाला त्यांनी आकड्यांत उत्तर देऊन ठेवले. ज्याने कृत्य केले त्याचा वाटा पाऊण. ज्याने आपले अंगण दिले त्याचा वाटा पाव.

या पाव हिश्श्यापाशी आपण थोडे थांबू या. आपण कृत्य केले नाही, फक्त जागा दिली. मग त्या कृत्याचे उत्तरदायित्व आपल्यावर किती? शून्य म्हणावे तर मन ग्वाही देत नाही. पूर्ण म्हणावे तर न्यायबुद्धीला ते पटत नाही.

इटलीच्या हवाई तळांचा प्रश्न हा मुळात या अंगणाचा प्रश्न आहे. भूमध्य समुद्रात पाय सोडून बसलेला हा देश. पूर्वेला बाल्कन, दक्षिणेला आफ्रिका, पलीकडे पश्चिम आशिया. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर १९४९ मध्ये तो नाटोचा संस्थापक सदस्य झाला आणि त्याच्या भूमीला मोठे लष्करी मोल आले. आल्प्सच्या पायथ्याचा आव्यानो तळ १९११ सालचा. १९९४ पासून तेथे अमेरिकेच्या एफ-१६ विमानांचा ताफा कायमचा आहे. सिसिलीतील सिगोनेल्ला येथे इटालियन विमानदळाशेजारी अमेरिकन नौदलाचा तळ आहे. समुद्रावर नजर ठेवणारी विमाने आणि मानवरहित टेहळणी विमाने तेथून उडतात. दक्षिणेतील जोया देल कोल्ले आणि पश्चिम किनाऱ्याजवळचा ग्रोसेतो येथील लढाऊ विमाने देशाच्या आकाशाचे रक्षण करतात. अमेन्दोला येथे नवी एफ-३५ विमाने आहेत. पिसा येथील तुकडीकडे वाहतुकीची मोठी विमाने आहेत. रोमजवळच्या प्रातिका दि मारे येथील विमाने इतर विमानांना आकाशातच इंधन पुरवतात. ब्रिंदिसीच्या लष्करी विमानतळावर १९९४ पासून संयुक्त राष्ट्रसंघाचे पुरवठा केंद्र आहे. भूकंप, पूर, दुष्काळ यांनी गांजलेल्या देशांकडे तंबू, औषधे आणि अन्न तेथून रवाना होते.

एकाच देशाच्या धावपट्ट्यांवरून बॉम्बही जातात आणि भाकरीही जाते. सिमेंटला पाप नसते आणि पुण्यही नसते. प्रश्न आहे तो अंगणाच्या मालकाच्या इच्छेचा.

आता नवीन करारातील एक प्रसंग आठवा. स्तेफनाला दगडमार झाला त्या दिवशी शौल नावाच्या तरुणाने एकही दगड उचलला नाही. मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे त्याच्या पायांशी ठेवली आणि त्याने ती राखली, एवढेच. कोणत्याही न्यायालयात त्याच्यावर आरोप टिकला नसता. परंतु पुढे तो पौल झाल्यावर, यरुशलेमेत लोकांपुढे आपली जीवनकहाणी सांगताना, त्या वस्त्रांचा उल्लेख त्याने टाळला नाही. मी दगड मारला नव्हता अशी पळवाटही त्याने शोधली नाही. आपली त्या मरणाला संमती होती, हे त्याने उघडपणे सांगितले.

संमती हाच या प्रश्नाचा गाभा आहे. अठराव्या शतकातील नेपल्सचे संत आल्फॉन्सस लिगोरी यांनी दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील साहाय्याचे दोन प्रकार निराळे केले. एकात साहाय्य करणाऱ्याची इच्छा त्या दुष्कृत्याशी एकरूप झालेली असते. असे साहाय्य नेहमीच पाप. दुसऱ्यात तो केवळ साधन पुरवतो, त्याची इच्छा त्यात नसते. अशा वेळी कारण किती गंभीर आहे आणि त्याचे साहाय्य कृत्याच्या किती निकट आहे, हे तोलावे लागते. ही तागडी हाती घेऊन आपण इटलीच्या अंगणात उतरू या.

१९४८ मध्ये अमलात आलेल्या इटलीच्या राज्यघटनेच्या अकराव्या कलमाने, इतर लोकांच्या स्वातंत्र्यावर घाला घालण्याचे साधन म्हणून आणि राष्ट्राराष्ट्रांतील तंटे सोडवण्याचा मार्ग म्हणून युद्धाचा त्याग केला आहे. त्याच कलमात, शांती व न्याय यांसाठी, इतर राष्ट्रांच्या बरोबरीने, आपल्या सार्वभौमत्वावर मर्यादा स्वीकारण्याची तयारीही दर्शवली आहे. तळांवरील व्यवस्थेत या दोन्ही गोष्टींची तडजोड दिसते. तळाचा प्रमुख इटालियन अधिकारी असतो. मात्र अमेरिकन सैनिक, त्यांची सामग्री आणि त्यांच्या मोहिमा यांवर हुकूम अमेरिकन सेनानीचा चालतो. महत्त्वाच्या हालचालींची खबर त्याने इटालियन प्रमुखाला द्यावयाची असते. घर यजमानाचे, पण काही खोल्यांत हुकूम पाहुण्याचा, अशी ही रचना. अशा घरात मालकाला नाही म्हणण्याचा अधिकार खरोखर उरतो काय?

एका रात्री तो उरला होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये चार सशस्त्र पॅलेस्टिनी तरुणांनी ‘आकिले लाउरो’ हे इटालियन प्रवासी जहाज ताब्यात घेतले. चाकांच्या खुर्चीत बसलेले लिऑन क्लिंगहॉफर नावाचे वृद्ध अमेरिकन ज्यू प्रवासी त्यांच्या गोळीला बळी पडले आणि त्यांचा मृतदेह समुद्रात लोटण्यात आला. पुढे शरण आलेल्या त्या चौघांना घेऊन एक इजिप्शियन विमान निघाले, तेव्हा अमेरिकन लढाऊ विमानांनी ते अडवून सिगोनेल्ला येथे उतरवले. अमेरिकेच्या सैनिकांनी त्या विमानाला वेढा घातला. इटालियन सैनिकांनी त्या वेढ्याभोवती दुसरा वेढा घातला. दोन मित्रराष्ट्रांचे सैनिक एकमेकांसमोर शस्त्रे रोखून कित्येक तास उभे राहिले. पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांचे म्हणणे होते की गुन्हा इटालियन जहाजावर घडला, विमान इटालियन भूमीवर उभे आहे, तेव्हा न्यायही इटलीच करील. अखेर अमेरिकेने माघार घेतली. त्या चौघांवर इटलीत खटला चालून त्यांना शिक्षा झाली.

पण वाचकहो, या गोष्टीचा शेवट इतका निर्मळ नाही. त्याच विमानात अबू अब्बास हा त्यांचा नेता होता. इटलीने त्याला देशाबाहेर जाऊ दिले. पुढे इटालियन न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवले. परंतु पक्षी उडून गेला होता. आपल्या अंगणावरचा हक्क राखणे ही एक गोष्ट, तो हक्क न्यायाने वापरणे ही दुसरी. क्लिंगहॉफर यांच्या विधवेला या दुसऱ्या गोष्टीवाचून पहिलीचे काय मोल वाटले असेल?

अंगण देणे आणि दगड मारणे यांमधील अंतर किती थोडे असते, हे पाहायचे तर लिबियाकडे वळावे. विमानातून शत्रूवर पहिले बॉम्ब टाकले गेले ते १ नोव्हेंबर १९११ रोजी, लिबियात. टाकणारा होता इटालियन सैन्यातील लेफ्टनंट जुलिओ गावोत्ती. या वसाहतवादी इतिहासाबद्दल पश्चात्ताप म्हणून इटलीने ऑगस्ट २००८ मध्ये लिबियाशी मैत्रीचा करार केला. लिबियाविरुद्धच्या कोणत्याही शत्रुत्वाच्या कृत्यासाठी आपली भूमी आपण वापरणार नाही आणि कोणाला वापरू देणार नाही, असे वचन त्यात होते. म्हणजे प्रत्यक्ष अंगणाविषयीच दिलेला हा शब्द. १९११ ला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, मार्च २०११ मध्ये, गद्दाफी आपल्याच प्रजेवर तुटून पडला आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने नागरिकांच्या रक्षणासाठी बळाच्या वापरास मान्यता दिली. इटलीने करार स्थगित झाल्याचे सांगून मित्रराष्ट्रांना आपले सात तळ खुले केले. आरंभी भूमिका अशी होती की आम्ही जागा देऊ, आमची विमाने बॉम्ब टाकणार नाहीत. एप्रिलच्या अखेरीस तीही बॉम्ब टाकू लागली. मधे जेमतेम पाच आठवडे गेले होते.

वचनभंगाला कारण नव्हते असे मी म्हणत नाही. प्रजेचा संहार करणाऱ्याला दिलेला शब्द पाळणे हे पुण्य ठरले असते काय, हा प्रश्न रास्तच आहे. माझे लक्ष त्या पाच आठवड्यांकडे आहे. वस्त्रे राखणाऱ्याचे हात रिकामे असतात, आणि रिकाम्या हातात दगड लवकर येतो.

तर मग अंगण कोणालाच देऊ नये, दार बंद करून स्वच्छ हातांनी आत बसावे, असे कोणी म्हणेल. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांच्या आसपास मुसलमान पुरुष आणि मुलगे ठार मारले गेले. एड्रियाटिक समुद्राच्या अलीकडे, इटलीच्या तळांवर, नाटोची विमाने त्या आधी दोन वर्षांपासून सज्ज होती. त्यांना वेळेवर आणि पुरेसा हुकूम मिळाला नाही. ऑगस्टच्या अखेरीस आव्यानो व इतर तळांवरून जोरदार हल्ले सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये डेटन येथे शांततेचा मसुदा ठरला. हल्ल्यांखेरीज शांततेला आणखीही कारणे होती, हे खरे. तरीसुद्धा स्रेब्रेनित्सातील एखाद्या मातेपुढे उभे राहून, आमचे अंगण आम्ही निर्मळ राखले, असे सांगण्याचे धैर्य आपल्याला होईल काय? नाकारण्याचीही किंमत असते, आणि ती सहसा नाकारणाऱ्याला मोजावी लागत नाही.

देण्याची किंमतही पुन्हा पुन्हा दिसली. १९९९ मध्ये कोसोव्होच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बहल्ले झाले, सुरक्षा समितीच्या स्पष्ट मान्यतेवाचून. तळांकडे परतणाऱ्या विमानांनी न वापरलेले बॉम्ब एड्रियाटिकमध्ये टाकले. व्हेनिसजवळच्या चिओज्जा बंदरातील कोळ्यांच्या जाळ्यांत ते मासळीबरोबर वर आले, आणि काही कोळी जखमी झाले. ज्यांना कोणी कधी विचारले नव्हते त्यांच्या जाळ्यात हा पाव हिस्सा येऊन पडला.

अण्वस्त्रांच्या बाबतीत तर विचारण्याची वाटच बंद आहे. ब्रेशियाजवळच्या गेदी तळावर आणि आव्यानोत अमेरिकेचे अणुबॉम्ब ठेवलेले आहेत, असे या विषयाचे स्वतंत्र अभ्यासक दीर्घकाळ सांगत आले आहेत. दोन्ही सरकारांचे धोरण मात्र त्यांविषयी हो किंवा नाही न म्हणण्याचे आहे. इटलीने वेढलेल्या चिमुकल्या व्हॅटिकनने २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदीच्या करारावर सही केली. इटलीने केली नाही. अशी शस्त्रे वापरणे जसे अनैतिक, तसे ती बाळगणेही अनैतिक, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये हिरोशिमा येथे स्पष्टपणे मांडले. माझ्या अंगणात काय पुरले आहे हे मला माहीतच नसेल, तर माझ्या संमतीला अर्थ काय? जाणून घेण्याचा हक्क सोडणारा यजमान हा निष्पाप यजमान नव्हे. त्याने आपले डोळे दुसऱ्याच्या हवाली केलेले असतात.

म्हणून ज्यांनी विचारले, त्यांची आठवण ठेवली पाहिजे. सिसिलीतील कोमिझो येथे ११२ क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरले, तेव्हा संसद सदस्य पिओ ला तोर्रे यांनी विरोधाची मोठी मोहीम उभारली. ते माफियांविरुद्धही लढत होते. ३० एप्रिल १९८२ रोजी पालेर्मो येथे माफियांनी त्यांना ठार मारले. क्षेपणास्त्रे आलीच. परंतु १९८७ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि १९९१ मध्ये शेवटचे क्षेपणास्त्र कोमिझोतून गेले. १९९९ मध्ये कोसोव्होतून परागंदा झालेल्या हजारो निर्वासितांना त्याच रिकाम्या तळावरील घरांत आसरा मिळाला. २०१३ पासून तेथे प्रवासी विमाने उतरतात, आणि त्या विमानतळाला आज ला तोर्रे यांचेच नाव आहे. अंगण तेच, वापर तीन.

दुसरे नाव मोल्फेत्ताचे बिशप तोनिनो बेल्लो यांचे. ‘पाक्स क्रिस्ती’ या शांतीसंघटनेच्या इटालियन शाखेचे ते अध्यक्ष. आपल्याच पुलिया प्रांतातील जोया देल कोल्ले आणि कालाब्रिया प्रांतातील क्रोतोने येथील लष्करी विस्ताराला त्यांनी विरोध केला. शेजारची माणसे मात्र त्यांनी वाऱ्यावर सोडली नाहीत. डिसेंबर १९९२ मध्ये, कर्करोगाने शरीर पोखरलेले असताना, सुमारे पाचशे निःशस्त्र सोबत्यांसह ते समुद्र ओलांडून वेढ्यातील सारायेवोत गेले. चार महिन्यांनी, २० एप्रिल १९९३ रोजी, त्यांनी देह ठेवला. आपले अंगण देण्यास नकार देणाऱ्याने स्वतः त्या अंगणाबाहेर पडून संकटग्रस्ताच्या दारी जावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले.

त्याआधी, ३ सप्टेंबर १९९२ रोजी, पिसाच्या हवाई तुकडीचे एक वाहतूक विमान सारायेवोकडे चालले होते. त्यात वेढ्यातील लोकांसाठी घोंगड्या होत्या. क्षेपणास्त्राने ते पाडले. चारही इटालियन विमानसैनिक मरण पावले. गणवेश घालणाऱ्या सर्वांना एकाच मापाने मोजणाऱ्यांनी या चौघांना विसरू नये. शांतीचा धर्मगुरू आणि लष्कराचा वैमानिक एकाच नगरीकडे, एकाच उपाशी, गारठलेल्या माणसाकडे निघाले होते.

तर मग त्या पाव हिश्श्याचे काय? पैशाचा पाव हिस्सा भरला की यजमान मोकळा होतो, असे करार मानतो. विवेकाचा हिशेब निराळा आहे. माझ्या मते अंगण देणाऱ्यावर तीन ऋणे असतात. पहिले, देण्यापूर्वी आणि दिल्यानंतरही विचारत राहण्याचे: येथून कोण निघाले, कोणाकडे, कशासाठी? दुसरे, नाही म्हणण्याचा अधिकार जिवंत ठेवण्याचे. कारण जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या होकाराला नैतिक मोल नसते. आणि तिसरे, काही विपरीत घडले तर आपला वाटा आपणहून मान्य करण्याचे, पौलाने केला तसा.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची घरे भारतभरातील छावण्यांच्या आणि विमानतळांच्या गावी आहेत. कित्येकांचे पुत्र गणवेशात आहेत. कोणत्याही राष्ट्राच्या संरक्षणाची गरज मी नाकारत नाही. पण अंगण केवळ राष्ट्रांनाच असते असे नाही. आपण गाळा भाड्याने देतो, संस्थेला आपले नाव देतो, कागदावर साक्षीदाराची सही देतो, सभेत गप्प बसून आपले मौन देतो. पुढे तेथे जे घडते ते आपण केलेले नसते. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपण एकदा आपल्या पायांशी पाहावे. कोणाची वस्त्रे तेथे ठेवलेली आहेत, आणि ती ठेवून माणसे कोठे गेली आहेत?